कार्डावर न मावलेली ओळ

बाई, काल शनिवारच्या बैठकीत पहिला कप मला मिळाला, आणि तो माझा नव्हता. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात, पण तुमची ती बैठक मी मोडलेली नाही. मी पुढं काढलेल्या संस्थेत आजही शनिवारी सगळे सतरंजीवर बसतात. प्रत्येकानं त्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची, दुसऱ्याची नाही, आणि ज्याला सांगणं सगळ्यात जड गेलं त्याला चहाचा पहिला कप. उपदेश नंतर, उपाय नंतर, आधी चहा. काल आमच्याकडे नव्यानं लागलेल्या एका मुलीनं मला सरळ विचारलं. तिचे आईवडील पुण्याहून इथं नोकरीला आलेले, ती मराठी फाडफाड बोलते पण वाचताना अडखळते. म्हणाली, "सर, तुम्ही दर हफ्त्याला छोटी छोटी चूक सांगता. सगळ्यात मोठी कोणती ते बोला ना." सगळे हसले. मीही हसलो आणि माझी ठरलेली गोष्ट सांगितली. तरुणपणी एकदा बस चुकली, बस्तीत दोन तास उशिरा पोचलो, बायका उन्हात वाट बघत बसलेल्या. ही गोष्ट मी रंगवून सांगतो, सवयीची आहे. मुलीनं उठून पहिला कप माझ्या हातात दिला. मला तो पिववला नाही. साय धरेपर्यंत नुसता हातात धरून बसलो.

ज्या आठवड्यात बस चुकली त्याच आठवड्यात दुसरंही काही झालं होतं. तुम्हाला ते माहीत आहे. किती माहीत आहे हे मात्र मला कधीच कळलं नाही.

मी कॉलेज अर्ध्यावर टाकून तुमच्याकडे आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि मला लोकांचं भलंबिलं काही करायचं नव्हतं. सुलतान बाजारात आमच्या घराखालून एक मुलगी रोज सकाळी जायची. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी तक्त्यांची सुरळी, कुणाकडे न बघता भराभर चालणं. तीन आठवडे मागं मागं हिंडून मी शोधून काढलं की ती गौलीगुड्यात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या पेट्या विकणाऱ्या दुकानावरचा तुमच्या संस्थेचा जिना चढते. आज कुणी असं करून माझ्याकडे आला तर मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवीन. तुम्ही वर बोलावलंत. दोन खोल्या, एक घडवंची, भिंतीला टेकवलेले तक्ते आणि तुम्ही स्टोव्हला पिन करत बसलेल्या. जामबागच्या शाळेतून निवृत्त होऊन तुम्हाला तेव्हा काही वर्षं झाली होती, पण प्रश्न विचारायची पद्धत वर्गातलीच.

"कॉलेज का सोडलंस?"

"सरांशी भांडण झालं."

"कशावरून?"

"त्यांनी फळ्यावर गणित चुकवलं. मी दाखवलं. ते ऐकेनात, तर मी वही फेकली आणि निघालो."

"वही कुणाची?"

"माझीच."

तुम्ही पिन बाजूला ठेवलीत. "म्हणजे दुसऱ्याची चूक तुला लगेच दिसते. बरं झालं. आमचं निम्मं काम तुला येतंय." मग आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणालात, "आणि इथं काम करायला आलायस की नुसतं बघायला, ते महिन्याभरानं ठरवू." आतून हसल्याचा आवाज आला. माझे कान तापले. मला वाटलं ती मला हसली. नंतर कळलं की स्वयंपाकाच्या मावशी होत्या, ती त्या वेळी बस्तीत होती.

काम साधं होतं, आणि साधं म्हणूनच अवघड. मुसी नदीच्या काठच्या बस्त्यांत उन्हाळ्यात लेकरांना जुलाब व्हायचे, सरकारी पुड्या वेळेला मिळतीलच असं नाही, तेव्हा आयांना घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवायचं. शिकवणारे आम्ही सात जण. ती आमच्यात सगळ्यात जुनी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तेलुगू घरातली, आमच्याशी मात्र दखनीत बोलायची. तुम्ही आम्हाला कधी भाषण दिलं नाही. पहिल्याच आठवड्यात बारा बायकांना एकेक चिमूट मीठ कागदात टाकायला लावलंत, पुड्यांवर नंबर घातलेत आणि आम्हाला घेऊन सुलतान बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडे गेलात. त्याच्या काट्यावर आम्ही बारा चिमटी तोलल्या. तो म्हणाला, "बाई, चाळीस वर्षांत मीठ तोलायला कुणी आलं नाही. मजुरी काय लावू?" तुम्ही म्हणालात, "एक चिमूट ठेवून घ्या." पण काटा काय बोलला ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कुणाची चिमूट दुसरीच्या दुप्पट, कुणाची अडीच पट. आणि आमच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, एक चिमूट मीठ. त्या शनिवारी पहिला कप तुम्ही स्वतःच घेतलात. "दोन वर्षं मी चिमूट शिकवली," एवढंच म्हणालात.

उपाय तिला सापडला. बाजार नुकता खुला झाला होता, परदेशी थंड पेयांच्या बाटल्या पानाच्या ठेल्यापर्यंत पोचल्या होत्या, आणि गौलीगुड्याच्या रस्त्यावर पत्र्याची झाकणं चिंचोक्यांसारखी पसरलेली असायची. एकदा तिनं पिशवीतून मूठभर झाकणं काढून सतरंजीवर ओतली. "देखो अम्मा, चिमटी सबकी अलग, ढक्कन सबका एक." तुम्हाला ती अम्माच म्हणायची. पुन्हा सोनार, पुन्हा काटा. सपाट भरलेलं झाकण दर वेळी तेवढंच उतरलं. तीन बाटल्या पाणी, एक झाकण मीठ, आठ झाकणं साखर. तिनं आमच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्याकडे बघताना तिच्या वेणीपलीकडचं काही पाहिलं. हिचं डोकं चालतं कसं, असं वाटलं. पण वीस वर्षांच्या पोराला दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी लागतात, बाई. मी आणखीच येडा झालो.

मग दिल्लीहून पत्र आलं. आम्हाला मदत करणाऱ्या मंडळींची माणसं सोमवारी येणार, आणि त्यांना संस्थेचं इनोव्हेशन बघायचं आहे. तो शब्द तेव्हा नवा होता. तुम्ही दोनदा वाचलात. मी उसळलो. म्हणालो, आहे ना आपल्याकडे, झाकण आहे, आपण कार्ड छापू, चित्रांचं, हातात मावेल असं, मला चित्र येतं. तुमचा नियम होता तीन घरांचा. कुठलीही नवी गोष्ट आधी तीन घरांत न्यायची, तिथल्या बाईला आपल्यासमोर करायला लावायची, आपण तोंड मिटून बसायचं. तीन घरं झाल्याशिवाय चौथ्या घरी न्यायची नाही, आणि बाहेरच्यांना तर सांगायचीच नाही.

"तीन घरं होऊ देत," तुम्ही म्हणालात.

"बाई, जग कुठं चाललंय! तीन घरांनी काय होतंय? आपण असंच हळूहळू केलं तर दुसरं कुणी तरी आपलं झाकण उचलून नेईल."

"नेलं तर नेलं. लेकरं वाचली म्हणजे झालं."

"मग लोकांना कळणार कसं की हिनं शोधलं?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. माझ्या तोंडून "हिनं" गेलं होतं आणि मी लाल झालो होतो. तुम्ही थकलेल्या होतात, किंवा माझी दया आली, किंवा ते पत्र तुम्हालाही कुठं तरी लागलं होतं. "छाप," तुम्ही म्हणालात. "पण तिला दाखवून."

तिनं मला एका चिठोऱ्यावर मजकूर दिला. खाली एक ओळ, जाड पेन्सिलीनं, खालून दोनदा रेघ मारलेली. बड़ी बोतल लेना, छोटी नक्को. सोडावॉटरच्या छोट्या बाटलीलाही तेच झाकण बसायचं, पाणी मात्र कमी मावायचं, म्हणून. ती ओळ मी वाचली होती, बाई. हे तुम्हाला नीट कळू दे. वाचली नाही, विसरलो, गडबडीत राहिली, असलं काही नाही. ती तेलुगूत आणि उर्दूत दोनदा बसवायची होती, आणि कार्डावर जागा उरली नव्हती. जागा का उरली नव्हती, तर पाणी ओतणाऱ्या बाईचा चेहरा मी मोठा काढला होता. भुवया, नाकातली चमकी, कपाळावर उतरलेली बट, सगळं. बाटली कोपऱ्यात, बोटभर, कुठली ते कळू नये अशी. ओळ मावावी म्हणून चेहरा लहान करून बघितला. लहान झाला की ती वाटेना. मग ओळ काढली. कुठली बाटली ते सांगतीलच की तोंडी, असं मनाला सांगितलं आणि सुलतान बाजारातल्या छापखान्यात कागद टाकून आलो. तिला दाखवलं नाही. छापून झाल्यावर एकदम दाखवायचं, ती बघेल, ओळखेल, काहीतरी बोलेल, या स्वप्नात होतो.

सोमवारी पाहुण्यांना कार्ड फार आवडलं. तिला बस्तीतून यायला उशीर झाला, ती आली तोवर ते निघून गेले होते आणि गठ्ठे बस्त्यांत वाटायला बाहेर पडले होते. तुम्ही एक कार्ड हातात घेऊन विचारलंत, "ही कोण रे?" मी म्हणालो, "बस्तीतली बाई." तुम्ही चष्मा काढला, पुसला, परत लावला.

त्याच गुरुवारी कळलं. नदीकाठच्या ज्या बस्तीत सोडा भरणारा राहायचा, तिथं घराघरांत छोट्याच बाटल्या. एका आईनं आमचं कार्ड भिंतीला लावून, बोट ठेवून ठेवून, अगदी तसंच पाणी केलं होतं. तीन बाटल्या, एक झाकण, आठ झाकणं. दीड वर्षाची मुलगी. जुलाब थांबेनात, तहान थांबेना, म्हणून तेच पाणी आणखी, आणखी. मग झटके आले. आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा ती आई व्हरांड्यात उकिडवी बसली होती आणि कार्ड पदरात धरून होती. डॉक्टरांनी बाटली मागवून घेतली, मापली, म्हणाले, मीठ जास्त झालंय. आई तुमच्याकडे वर बघत म्हणाली, "मैं कारड देख के च बनाई ना बाई. कारड में है सो गलत होता क्या?" तुम्ही तिच्याशेजारी जमिनीवर बसलात. साडी सावरली नाहीत, काही नाही, नुसत्या बसलात.

ती माझ्या बाजूला उभी होती. त्या आईच्या हातातलं कार्ड तिनं तिथं पहिल्यांदा नीट पाहिलं. मी कितीदा तरी कल्पना केली होती तो क्षण हाच, फक्त कल्पनेत तो इस्पितळात नव्हता. तिनं ओळखलं. हळू आवाजात, माझ्याकडे न वळता म्हणाली, "ये मेरा मुँह कैकू बनाए तुम? मेरे से पूछे क्या?" मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "मेरे मुँह की जगह बोतल बनाना था." त्यानंतर ती माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलली नाही.

मुलगी वाचली. शुक्रवारी संध्याकाळी डोळे उघडून आईला ओळखलं तिनं. हे लिहितानाही माझा हात थांबला, की चुकून दुसरंच काही लिहिलं जाऊ नये.

आणि मग शनिवार. तो मला असा दिसतो की जणू आत्ता चाललाय. खिडकीतून खाली पत्रा ठोकल्याचा आवाज येतो आहे. मावशींनी चहाचं पातेलं आणून ठेवलंय. तुम्ही सुरुवात करता. "तीन घरांचा नियम माझा. पाहुणे येणार म्हणून मीच मोडला." मग ती. "छापने से पहले कारड मैं देखी नहीं. वो लाइन मेरी थी, मेरेकूच देखना था." ती रडत नाही, सतरंजीच्या पट्ट्यावर बोट फिरवते आहे. मग बाकीचे, एकेक. मग मी. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे, निदान मला तसं वाटतंय. आणि मी म्हणतो, "मंगळवारी माझी बस चुकली. बायका दोन तास उन्हात बसल्या."

तुम्ही पहिला कप भरता. कुणालाच देत नाही. सतरंजीच्या मधोमध ठेवता, आणि मग बाकीच्यांचे कप भरता. सगळे आपापला चहा पितात. मधला कप तसाच. त्याच्यावर साय धरते, सुरकुतते, आणि कुणी उचलत नाही. काल कळलं मला तो कुणाचा होता. खोटं कशाला, तेव्हाही कळलंच होतं.

सोमवारी तुम्ही मला एकट्याला विचारलंत, "तुला काही सांगायचं राहिलंय का?" एवढ्या मऊ आवाजात की मला ते सहन झालं नाही. मी ओरडलो. मी म्हणालो, तुम्ही मला चोरासारखं बघताय, तिनं सगळ्यांसमोर कबूल केलंय ना की चूक तिची. बाई, हे मी म्हणालो. जिच्यासाठी मी कॉलेज सोडल्यासारखं वागत होतो, तिच्यावर ढकललं. आणि मनात काय चाललं होतं माहीत आहे? की तिनं माझ्यासाठी ते अंगावर घेतलं. म्हणजे तिचंही माझ्यावर मन आहे. कित्येक वर्षं मी यावर जगलो.

"तिनं तिची सांगितली," तुम्ही म्हणालात. "तुझी कुठाय?"

उरलेल्या कार्डांचा गठ्ठा मी भिंतीवर फेकला आणि निघालो. तशीच वही फेकली होती. जिन्यात तुमचा आवाज आला. मला वाटलं थांब म्हणाल, किंवा शिव्या द्याल. तुम्ही म्हणालात, "चौथी पायरी सुटलीय. बघून उतर."

त्यानंतर तुमच्याकडे काय झालं ते मावशींकडून तुकड्या तुकड्यानं कळत गेलं. तुम्ही सगळे घरोघर जाऊन कार्डं परत घेत होतात, आणि दर घरी सांगत होतात की चुकलं, आमचं चुकलं. काहींनी दार लावून घेतलं. त्याच फेरीत, त्या मुलीच्या आईनंच म्हणे विचारलं, मेरा लोटा है ना, तुम पानी नाप के इसमें डालो, मैं निशान मार लेती. आणि तिनं खिळ्यानं लोट्याच्या आत रेघ ओढली. मग बाटलीचा प्रश्नच राहिला नाही. तीन घरं झाली, तीस झाली, पुढं दुसऱ्या संस्थांची माणसं शिकायला येऊ लागली. त्या खिळ्याच्या रेघेची गोष्ट मी आज मोठमोठ्या हॉटेलांतल्या कार्यशाळांत सांगतो, बाई. पडद्यावर लोट्याचा फोटो दाखवतो. म्हणतो, खरं नवं काम चुकीतून येतं आणि ज्याच्यासाठी करतो त्याच्या हातून येतं. लोक लिहून घेतात. चूक कोणाची, कसली, हे मी कधी सांगितलेलं नाही. "सुरुवातीला एक अडचण आली," असं म्हणतो.

तुम्ही गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं, सुलतान बाजारात पुस्तकाच्या दुकानात, सुटे पैसे परत घेताना. त्याच्या वर्षभर आधी तुम्ही मला एकदा दिसला होतात, जामबागच्या बस थांब्यावर, हातात तिच्यासारखीच कापडी पिशवी. मी बांगड्यांच्या दुकानाकडे वळलो आणि तुमची बस जाईपर्यंत लाल-हिरव्या बांगड्या बघत राहिलो. दुकानदारानं विचारलं, "किसके वास्ते?" मी एक डझन घेऊनच बाहेर आलो. ती पुढं कुठं गेली मी विचारलं नाही. मावशी एकदा आपणहून म्हणाल्या की वरंगळकडे कुठंतरी तिनं स्वतःची बैठक सुरू केलीय, शनिवारचीच. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. तिनं माझ्यासाठी काही अंगावर घेतलं नव्हतं. तिच्या वाटणीचं होतं तेवढं तिनं सांगितलं होतं, नियमाप्रमाणे, आणि माझ्या वाटणीसाठी थांबली होती. तुम्हीही थांबला होतात. कप भरून.

काल त्या मुलीनं माझ्या हातातला गार कप परत नेला तेव्हा म्हणाली, "सर, चाय आवडली नाही?" मी म्हणालो, पुढच्या शनिवारी सांगतो. ती हसली. तिला वाटलं चहाबद्दल बोलतोय.

तर येत्या शनिवारी मी ते कार्ड सतरंजीवर ठेवणार आहे. असं आज रविवारी दुपारी तरी वाटतंय, माझ्या ठरवण्याचा भरवसा तुम्हाला माहीतच आहे. भिंतीवर गठ्ठा फेकला त्यातलं एक कार्ड मुठीत राहून गेलं होतं, ते एका वहीत आजवर टिकलंय, कडा पिवळ्या पडल्यात. हे कागद त्याच्याबरोबर त्याच वहीत ठेवीन, पत्त्याचा प्रश्नच येत नाही. लोकांना सांगताना मी म्हणेन की चुकीची आठवण राहावी म्हणून ते जपलं. तुम्हाला तसं सांगवत नाही. आत्ता ते माझ्यासमोर आहे, आणि मी इतका वेळ बघतोय, पण अजूनही आधी तिचा चेहरा दिसतो. बाटली मागाहून.